डावखुऱ्यांचा वाद

स्नेहमेळाव्याच्या जेवणाचा बेत आपल्या बॅचने पाच मिनिटांत ठरवला. हॉल कोणता, सत्कार कोणाकोणाचा, स्मरणिकेचं मुखपृष्ठ कसं, सगळं बिनविरोध. मग कुणीतरी सहज विचारलं, की कुंबळे-श्रीनाथच्या आधीचा, म्हणजे आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळातला, सगळ्यात थोर भारतीय गोलंदाज कोण? पुढचे तीन आठवडे मेळाव्याचं काम ठप्प. ज्या मुलांनी दहावीला इतिहासात सनावळ्या गाळल्या होत्या, ती मुलं १९५२ सालच्या कसोटीतली षटकं तोंडपाठ सांगू लागली. भूगोलाचे सरही वादात उतरले. शेवटी संपादक मंडळ मला म्हणालं, "तू एवढं टाइप करतेच आहेस, तर लेखच लिही."

लिहिते. पण सगळ्या गोलंदाजांना एका तागडीत घालणं मला जमणार नाही. सुभाष गुप्ते आणि चंद्रशेखर यांची तुलना करायची तर दोघेही लेगस्पिनर, पण दोघांच्या चेंडूंत साम्य फार थोडं. अमरसिंग, निसार यांची जातकुळीच वेगळी. म्हणून मी एकच घराणं घेते: डावखुरी फिरकी. आपल्याकडे या घराण्याला शंभर-सव्वाशे वर्षांची सलग परंपरा आहे. वादात सर्वाधिक नावंही याच घराण्यातली आली.

ज्यांचा क्रिकेटशी संबंध नवऱ्याच्या हातातल्या रिमोटपुरता आहे अशा मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. डाव्या हाताने टाकलेला फिरकी चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून लांब जातो. बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावायचा मोह होतो, कड लागते, स्लिपमध्ये झेल जातो. फलंदाज पुढे सरसावला आणि चेंडू चुकला तर यष्टिरक्षक बेल उडवतो. हे झालं सरळ काम. खरी गंमत आहे त्या एका चेंडूत, जो त्याच हालचालीतून येतो पण वळत नाही, हाताच्या दिशेने सरळ आत घुसतो. ज्याच्याकडे उंची देण्याचं धाडस, टप्प्यावर ताबा आणि हा आत येणारा चेंडू, तिन्ही आहेत, तो या घराण्याचा खरा वारस.

आमच्या वर्गातल्या बहुतेकांचं मत बिशनसिंग बेदींना. त्यात नवल नाही. ६७ कसोटींत २६६ बळी, सरासरी २८.७१. प्रथम श्रेणीत १५६० बळी, म्हणजे कुठल्याही भारतीयापेक्षा जास्त. माझ्या वडिलांनी त्यांना वानखेडेवर पाहिलं होतं. आकडे वडिलांना आठवत नसत, आठवायची ती चाल. चार-पाच पावलं, खांद्याची एक लपेट, आणि हवेत थांबल्यासारखा चेंडू. कुणी षटकार मारला तर बेदी टाळ्या वाजवायचे आणि पुढचा चेंडू आणखी उंच द्यायचे. अमृतसरच्या या सरदाराला नॉर्दम्प्टनशायरनेही काही वर्षं आपलंसं केलं होतं.

पण बेदींच्या आकड्यांत आणखी काही माणसं सामील आहेत. फॉरवर्ड शॉर्टलेगला एकनाथ सोलकर, स्लिपमध्ये अजित वाडेकर, शिवाय वेंकटराघवन आणि आबिद अली. सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, तेही हेल्मेट न घालता, फलंदाजाच्या इतक्या जवळ उभं राहून की आज कुणाची आई मुलाला तिथे उभं राहू देणार नाही. दुसऱ्या टोकाला प्रसन्ना किंवा चंद्रशेखर. फलंदाजाला श्वास घ्यायला जागाच नव्हती. म्हणून बेदी छोटे होतात असं नाही. पण २६६ हा आकडा एकट्याच्या हाताचा नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

सरांचा कौल विनू मांकड यांना. सरांचा मुद्दा असा, की मांकडांच्या वाट्याला असा संघच आला नाही. जन्म १९१७ चा, १९३७-३८ मध्ये लॉर्ड टेनिसन यांच्या संघाला त्यांनी हैराण केलं, आणि पहिली कसोटी मिळाली ती १९४६ साली. मधली सगळी वर्षं महायुद्धाने खाल्ली. तरी त्या पहिल्याच इंग्लंड दौऱ्यात हजार धावा आणि शंभर बळी. भारताने पहिली कसोटी खेळली १९३२ मध्ये आणि पहिली जिंकली १९५२ च्या फेब्रुवारीत, मद्रासला. त्या सामन्यात मांकडांचे ५५ धावांत ८ आणि ५३ धावांत ४. यष्टिरक्षक प्रबीर सेन यांनी सामन्यात पाच यष्टिचीत केले, यावरून चेंडू कसा गंडवत असेल याची कल्पना यावी.

आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये लॉर्ड्स. मांकड तेव्हा लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डनकडून खेळत होते. कारण भारतीय बोर्डाने त्यांना संघातल्या जागेची हमी दिली नव्हती. पहिली कसोटी हरल्यावर मग धावाधाव करून त्यांना मोकळं करून घेतलं. त्यांनी काय करावं? डावाची सुरुवात करून ७२, मग ७३ षटकं टाकून पाच बळी, मग लगेच पुन्हा सलामीला जाऊन १८४, आणि मग परत चोवीस षटकं. भारत सामना हरलाच. आज आपण या माणसाचं नाव बहुधा दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला धावबाद करण्याच्या प्रकाराला लावतो. १९४७-४८ मध्ये त्यांनी सिडनीला बिल ब्राउनला तसं बाद केलं, अगदी नियमात बसवून. एवढ्या कर्तृत्वातून तेवढंच उरावं याचा सरांना जो राग आहे तो मला पटतो.

मांकडांची कसोटी सरासरी ३२.३२. ती बेदींपेक्षा जास्त, म्हणजे कागदावर वाईट. सर म्हणतात, त्यांच्यामागे सोलकर उभे करा आणि मग मोजा. बरोबर आहे. पण जे झालं नाही ते मोजायचं कसं? माझी सगळी अडचण तिथून सुरू होते.

नाशिककरांच्या आग्रहाखातर बापू नाडकर्णी. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. त्यात सलग २१ निर्धाव षटकं. सरावाच्या वेळी टप्प्यावर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे, अशी ख्याती. शिस्तीचा महामेरू. पण थोर गोलंदाज कोण, या प्रश्नाला 'ज्याला कुणी मारू शकलं नाही' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. नाशिककरांनी रागावू नये.

आता पद्माकर शिवलकर. आपल्यापैकी जे दादर-माहीमकडे राहायचे त्यांनी त्यांना शिवाजी पार्कवर पाहिलं असणार. पोरांना शिकवणारा एक शांत, उंच माणूस, मुंबईकरांचा पॅडी. पुढे कळायचं, की हा गाणंही म्हणतो. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, त्यातला पंधरावा १९७२-७३ चा. अंतिम सामना चेपॉकवर, तमिळनाडूच्या घरच्या अंगणात. खेळपट्टी फिरकीला आंदण दिलेली, आणि समोरच्या संघात वेंकटराघवन यांच्यासारखा फिरकी गोलंदाज. म्हणजे खड्डा मुंबईसाठी खणला होता. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. सामना दोन दिवस आणि एका चेंडूत संपला.

एवढं असून कसोटी सामने किती? एकही नाही. कारण बेदी. १९६६ च्या अखेरीस बेदी संघात आले आणि १९७९ पर्यंत राहिले. एका संघात दोन डावखुरे फिरकीपटू कशाला, हा निवड समितीचा हिशेब. बेदी गेले तेव्हा जागा मिळाली दिलीप दोशींना. त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेऊन तिचं सोनं केलं. शिवलकर तोवर चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. तिकडे हरियाणाचे राजिंदर गोयल यांचीही हीच गत: रणजीत ६३७ बळी, प्रथम श्रेणीत ७५०, सरासरी १८.५८, कसोटी शून्य. १९७४ मध्ये बेंगळुरूच्या कसोटीतून बेदींना शिस्तीच्या कारणावरून वगळलं. गोयल संघात होते, आणि तरी अंतिम अकरांत त्यांचं नाव आलं नाही. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर 'आयडॉल्स' हे पुस्तक लिहिलं, त्यात या दोघांना जागा दिली. गावसकरांनी ज्यांचा सामना केला ते लक्षात घेता हे लहानसं प्रमाणपत्र नाही.

आत्ता मी 'कसोटी शून्य' असं लिहिलं. वादातही हाच शब्द सारखा यायचा. "पॅडींचे कसोटी बळी शून्य, मग ते यादीत कसे?" असं एकाने विचारलं तेव्हा माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. आमच्या धंद्यात रकान्यात शून्य असणं आणि रकाना रिकामा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. रिकामा म्हणजे मोजलंच नाही. रिकाम्या रकान्याला शून्य समजून बेरीज केली की अहवाल चुकतो, आणि असा चुकलेला अहवाल दिसायला अगदी नीटनेटका असतो, म्हणूनच तो जास्त धोक्याचा. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवते. शिवलकर आणि गोयल यांचा कसोटीचा रकाना रिकामा आहे. त्यांना तिथे शून्य गुण देणारा माणूस गणित करत नाही, निवड समितीच्या निर्णयावर पुन्हा एकदा सही करतो.

२०१७ मध्ये बोर्डाने दोघांना एकाच वेळी सी. के. नायडू जीवनगौरव दिला. गोयल २०२० मध्ये गेले, बेदी २०२३ मध्ये, शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये.

आणि रिकामा रकाना म्हटला की मला सगळ्यात आधी आठवतात बाळू पालवणकर. आमच्या वादात त्यांचं नाव पहिल्या आठवड्यात कुणीही घेतलं नव्हतं. घेण्याचं कारणही नव्हतं. भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. जन्म १८७६, धारवाडचा; घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, जात चांभार. वडील पुण्यात लष्कराच्या नोकरीत. बाळूंना पहिलं काम मिळालं ते पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचं आणि रूळ फिरवायचं, महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे जे. जी. ग्रेग हा उत्तम फलंदाज सरावासाठी बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. आपल्याला बाद केलंस तर आठ आणे देईन, असं त्याने कबूल केल्याची गोष्ट सांगतात. जाळीत हजारो चेंडू टाकून हात तयार झाला. बॅट मात्र साहेबांनी हातात दिली नाही. फलंदाजी हे मालकाचं काम, गोलंदाजी नोकराचं.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि हरवू शकेल असा गोलंदाज होता अस्पृश्य. क्लबात बराच खल झाला. शेवटी बाळूंना घेतलं. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवण वेगळं. हे सगळं सोसून ते बळी घेत राहिले. साताऱ्याच्या गोऱ्या क्लबावर मिळवलेल्या विजयानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर गौरव केला, टिळकांनीही केला. प्लेगच्या सुमारास ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. मुंबईत निदान जेवायला आत बसता येत होतं. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळू आणि धाकटे भाऊ शिवराम दोघेही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने या भावंडांच्या प्रवेशाची दखल सामाजिक घटना म्हणून घेतली.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज थोडे सामने खेळले आणि बाकी वेळ मेजवान्यांत रमले. संघ २३ सामन्यांपैकी १५ हरला, सहाच जिंकला. अशा संघात पस्तिशीच्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. सोलकर नाहीत, दुसऱ्या टोकाला प्रसन्ना नाहीत, पाऊस, थंडी, आणि परक्या देशातल्या खेळपट्ट्या. सगळी कारकीर्द धरली तर ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. मी सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात भरले आणि सामन्यामागे बळी काढले. बेदी कसोटीत साधारण चार, मांकड पावणेचारच्या आसपास, शिवलकर आणि गोयल प्रथम श्रेणीत पावणेपाच, बाळू ५.४२. म्हणजे ज्याला जितकं कमी मिळालं तो तितका वर. योगायोग असेल. प्रथम श्रेणी आणि कसोटी एका मापाने मोजायचं नसतं, हे मलाही कळतं.

आक्षेप येणार, आणि आले. त्या वेळी खेळपट्ट्या झाकत नसत, पाऊस पडला की चेंडू उड्या मारायचा. फलंदाजांची आजच्यासारखी तयारी नव्हती. तेहतीस सामने म्हणजे काहीच नाही. पहिला आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच १५.२१ हा आकडा मी मांकडांच्या ३२.३२ शेजारी ठेवून टाळ्या मागत नाही. पण ओल्या खेळपट्टीवर समोरचा गोलंदाजही तेच वरदान घेऊन येतो, आणि १९११ मध्ये इंग्लंडच्या कौंट्यांपुढे आपल्या बाकीच्या गोलंदाजांना ते साधलं नाही. तिसरा आक्षेप तर उलटा आहे. सामने कमी कारण स्पर्धा वर्षातून एकदा, त्यातही काही वर्षं दोन-तीनच सामने. आणखी एक गोष्ट: इतकी वर्षं संघाचा सर्वोत्तम गोलंदाज असूनही त्यांना कर्णधार केलं नाही. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं, की हा मान बाळूंचा होता. १९२० मध्ये विठ्ठल या धाकट्या भावाला डावललं तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी सामन्यातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू जिंकले. बाळूंच्या नावापुढचा तो रकाना शेवटपर्यंत रिकामाच.

तरुण आंबेडकरांना बाळूंचं कोण कौतुक होतं. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या तिकिटावर आंबेडकरांविरुद्धच उभे राहून हरले. त्यांचं राजकारण मला पटतंच असं नाही. १९५५ मध्ये ते गेले.

माझं मत बाळूंना. बेदींची गोलंदाजी अधिक देखणी असेल, आणि कसोटीच्या पुराव्यावर बोलायचं तर बेदीच. पण प्रश्न 'सगळ्यात थोर कोण' असा होता, आणि ज्याने हात तयार केला तोच मुळी दुसऱ्याच्या सरावासाठी, त्याच्या पुढे मला कुणी ठेववत नाही. सर म्हणाले, "हा क्रिकेटचा निकष नव्हे." मी म्हटलं, "सर, लॉर्ड्सला सत्त्याण्णव षटकं टाकली म्हणून तुम्ही मांकडांना मत दिलंत, तो तरी कुठे सरासरीचा निकष आहे?" सरांनी हसणारा चेहरा पाठवला.

एक नाव अजून राहिलं, आणि ते मुलांपैकी कुणीच घेतलं नाही. डायना एदलजी. मुंबईच्या, पश्चिम रेल्वेच्या, डावखुऱ्या फिरकीच्याच. १९७६ ते १९९१ या पंधरा वर्षांत २० कसोटी, ६३ बळी, सरासरी २५.७७, म्हणजे बेदींपेक्षाही कमी. पंधरा वर्षांत वीसच सामने, कारण महिलांचा संघ १९७७ नंतर थेट १९८४ मध्ये कसोटी खेळला, आणि १९८६ नंतर थेट १९९१ मध्ये. मधल्या वर्षांत त्यांचा हात थांबला नव्हता, सामने थांबले होते. त्या काळी महिला क्रिकेट बोर्डाच्या छत्राखाली नव्हतं. रेल्वेच्या अनारक्षित डब्यातून प्रवास, वसतिगृहाच्या फरशीवर झोप. आपल्या शाळेत आम्ही मुली लंगडी आणि खो-खो खेळायचो. डब्याच्या सुट्टीत मुलांच्या टेनिस बॉलला हात लावला तर तो फक्त कंपाउंडबाहेरून आणून द्यायला. एदलजींचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये, तेही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात.

१९८६ च्या इंग्लंड दौऱ्यावर भारताच्या कर्णधार असताना त्यांना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये जाऊ दिलं नाही. एमसीसीने आपलं नाव बदलून पुरुषी अहंकाराच्या आद्याक्षरांचं घ्यावं, असं त्या म्हणाल्या. त्या क्लबाने महिलांना सभासद करून घ्यायचं ठरवलं १९९८ मध्ये, म्हणजे आपली दहावी होऊन दोन वर्षं झाल्यावर.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एदलजी आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेल्या, तो मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. त्याच यादीत सेहवागही होता. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी सेहवागचे सतरा फोटो आले. अठरावा एदलजींचा, मी टाकलेला.